तिकीट कुठल्या पानात राहिलं?

तुमचा प्रश्न असा: पहिली कादंबरी लिहून झाली आहे, ३४० पानं झाली आहेत, आणि प्रकाशकाकडे पाठवण्याआधी तुम्हाला जाणून घ्यायचंय की वाचकाच्या बाजूने बघितलं तर लेखकाच्या कोणत्या सवयी चांगल्या आणि कोणत्या वाईट. लेखक, संपादक, समीक्षक तुम्हाला उत्तरं देतीलच. मी यांतला कोणीच नाही. तालुक्याच्या गावी एका ‘ब’ वर्ग सार्वजनिक वाचनालयात देवघेवीच्या टेबलामागे मी २९ वर्षं काढली. पुस्तक नेणारा हात आणि परत आणून देणारा हात, दोन्ही रोज बघितले. तेवढ्या अधिकारावर लिहितो.

परत आलेलं पुस्तक कपाटात लावण्याआधी चाळायचं, ही मला पहिल्या वर्षी लागलेली सवय. कारण साधं होतं, लोक आत काहीबाही विसरतात. लाइट बिल, गॅसची पावती, लग्नपत्रिकेचा फाडलेला कोपरा, एकदा तर पन्नासची नोट. सगळ्यांत जास्त एसटीची तिकिटं. हळूहळू लक्षात आलं की पूर्ण वाचलेल्या पुस्तकात खूण राहत नाही, वाचणारा ती शेवटच्या पानापर्यंत सरकवत नेतो आणि काढून टाकतो. खूण राहते ती वाचन जिथे थांबलं तिथे. मग मी तिकीट काढायच्या आधी पान बघायला लागलो. मोजदाद कधी ठेवली नाही, पण तिसाव्या आणि पन्नासाव्या पानाच्या मध्ये तिकीट सापडलं की मला आश्चर्य वाटेनासं झालं. काही जाड कादंबऱ्या तर अशा की पहिल्या साठ पानांची कड हाताळून तपकिरी झालेली आणि पुढची सगळी पानं छापखान्यातून काल आल्यासारखी कोरी.

परत करताना विचारलं तर सभासद म्हणतात, “जरा कंटाळवाणं आहे हो.” यावर विश्वास ठेवू नका. थोडं थांबून, दुसरं पुस्तक शोधता शोधता बोलतं केलं, की नेमकी जागा बाहेर येते. आमचे एक सभासद आयुष्यभर महसूल खात्यात कारकून होते. त्यांनी भावाभावांच्या वाटणीवरची एक कादंबरी दोन दिवसांत आणून टाकली. तिच्यात बाप वारतो आणि तेरावं झाल्याच्या दुसऱ्या दिवशी थोरला त्याच्या नावावरचं शेत विकून पुण्याला जातो. कारकून म्हणाले, “वारसनोंद? तलाठ्याकडे अर्ज, फेरफार, नोटिशीची पंधरा दिवसांची मुदत, मंडळ अधिकाऱ्याची सही, हे काहीच नाही? ज्याला सातबारा कळत नाही तो मला भाऊबंदकी काय सांगणार!” त्यांना कंटाळा आला नव्हता. त्यांचा लेखकावरचा विश्वास उडाला होता. माझ्या अनुभवात पुस्तकं बहुतेक वेळा अशीच सुटतात. वाचक काही कारण न सांगता उठून जातो आणि लेखकाला वाटतं, आजकाल कोणी वाचतच नाही.

म्हणून सगळ्यांत आधी खरेपणाच्या सवयीबद्दल, आणि तिच्याबद्दल जरा जास्तच लिहितो.

एका कादंबरीत लक्ष्मीपूजनाच्या रात्री नायक-नायिका गच्चीवर उभे आहेत आणि टिपूर चांदणं पडलंय. वर्णन सुरेख होतं. पण लक्ष्मीपूजन आश्विन अमावास्येला असतं, चंद्र आणणार कुठून? आमच्याकडच्या दुपारच्या वाचक बायकांपैकी एकीने समासात पेन्सिलीने एवढंच लिहिलं होतं: ‘अवस आहे.’ दुसऱ्या एका कथेत श्रावणात हुरडा पार्टी. हुरडा रब्बीच्या ज्वारीचा, म्हणजे पौष-माघाची थंडी. श्रावणात ती ज्वारी पेरलेलीसुद्धा नसते. पळस फाल्गुनात फुलतो, बहावा चैत्र-वैशाखात, प्राजक्ताचा सडा पावसाळ्यापासून थंडीच्या तोंडापर्यंत. हे शहरात वाढलेल्या लेखकाला ठाऊक नसणं गुन्हा नाही. ठाऊक नसताना विचारलंही नाही, हे वाचकाला खुपतं.

काळाच्या चुका तर पोत्याने भरतील. १९४२च्या चळवळीत भूमिगत झालेला नायक लाल एसटीने नगरला जातो. पहिली एसटी १ जून १९४८ला पुणे-अहमदनगर मार्गावर धावली, त्याआधी असायच्या त्या खासगी सर्व्हिस मोटारी. १९५०मधला वाणी रुपयातून पंचाहत्तर पैसे परत देतो. दशमान नाणी आली १ एप्रिल १९५७ला, तोपर्यंत रुपयाचे सोळा आणे आणि चौसष्ट पैसे, म्हणजे वाण्याने बारा आणे द्यायला हवे होते. बारा आणे लिहिलं असतं तर वाक्य जास्त सुंदरही झालं असतं, ही गंमत. खरा तपशील बहुधा कल्पनेतल्या तपशिलापेक्षा चवदार निघतो. १९७२च्या दुष्काळावर लिहिताना ‘भूक’, ‘आक्रोश’, ‘करपलेली धरती’ हे शब्द शंभर जणांनी वापरलेत. रेशनवरचा लाल मिलो म्हणजे परदेशातून आलेली ज्वारी, खडी फोडायच्या कामावर वाटलेलं सुकडी नावाचं कोरडं खाणं आणि तिचा वास आमच्या वाचनालयातल्या साठीपुढच्या प्रत्येकाला आठवतो. तो वास पानावर आला की ते तुमच्याबरोबर ३४० पानं चालतील.

एक चूक मात्र मी विसरू शकत नाही. किल्लारीच्या भूकंपावरची एक कथा होती. तिच्यात दुपारची वेळ, बायका शेतात, पोरं शाळेत, आणि जमीन हलते. आमच्याकडे उमरग्याच्या बाजूचे एक शिक्षक बदलून आले होते, त्यांनी ते पुस्तक नेलं. परत आलं तेव्हा त्या ओळीशेजारी लिहिलेलं होतं: ‘आम्ही झोपेत होतो.’ तो भूकंप ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे चारच्या सुमारास झाला. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी, गणपती बोळवून माणसं उशिरा अंथरुणाला पाठ टेकलेली. दगडमातीच्या जाड भिंती झोपलेल्यांच्या अंगावर आल्या, म्हणून तर एवढी माणसं गेली. वेळ चुकली म्हणजे त्या कथेत एक आकडा चुकला असं नाही, त्या घटनेतलं सगळं दुःखच दुसरीकडे गेलं. ते पुस्तक मी नंतर कोणाला सुचवू शकलो नाही.

तेव्हा चांगली सवय ही: एक वही करा. प्रत्येक प्रकरणाची तिथी, वार, ऋतू, पात्रांची वयं, कोण कशावर पोट भरतो आणि महिन्याला हातात किती पडतात. पैशाची नोंद तर कराच. मराठी कादंबरीतली माणसं बऱ्याचदा कशावर जगतात तेच कळत नाही, दिवसभर नुसती विचार करत असतात. जुनी पंचांगं वाचनालयात मिळतात. तुमच्या गोष्टीतला धंदा करणारा एक तरी माणूस गाठा आणि त्याच्याजवळ अर्धा दिवस गप्प बसा. प्रश्न विचारू नका, बसा.

पण वहीतलं सगळं पुस्तकात ओतू नका. हा दुसरा आजार. एका लेखकाने धरणग्रस्तांवर लिहिताना धरणाची उंची, दरवाजे, लाभक्षेत्र, आयोगाचे अहवाल असं सलग नऊ पानं दिलं होतं. आमच्याकडच्या प्रतीत तेवढी नऊ पानं आजही करकरीत आहेत. वाचकाने ती उलटली आणि म्हातारी पाण्यात उतरलेलं घर बघायला जाते तिथे पोचला. तिथली पानं मऊ पडलीत.

बोलीभाषेबद्दल आता. शहरातल्या लेखकांची एक सर्वसाधारण ‘गावाकडची भाषा’ ठरलेली आहे. ‘आरं’, ‘व्हय’, ‘न्हाय’ पेरलं की झालं गाव. तिच्यात चंद्रपूरचा शेतकरी, लातूरचा हमाल आणि सावंतवाडीची कोळीण एकाच सुरात बोलतात. वऱ्हाडकडचा माणूस ‘मले’, ‘तुले’, ‘कायले’ म्हणणार. लातूरकडे ‘येऊलालाव’ ऐकू येतं, मालवणीत ‘तू खंय चललंस?’, आणि कोल्हापुरात बाईसुद्धा ‘मी आलो’ म्हणते. त्या त्या भागातल्या वाचकाला पहिल्या दोन संवादांत कळतं की तुम्ही तिथे राहिलात की सिनेमात ऐकलंत. बोली येत नसेल तर साध्या मराठीत लिहा, एखादा शब्द, एखादी लकब ठेवा. कोणी नाव ठेवणार नाही. उसनी बोली मात्र लगेच ओळखू येते. आणि संबोधनं सांभाळा. बारा नंबरच्या पानावर ‘अहो’ म्हणणारी बायको नव्वदाव्या पानावर काहीही न घडता ‘अरे’वर आली, की वाचक मागची पानं उलटून बघतो, मधलं काही निसटलं का. एका कादंबरीत आत्याची मावशी झाली होती. मराठी घरात हे रक्ताचं नातंच बदलणं आहे!

नावांचं एक छोटं गाऱ्हाणं. सुमन, सुनंदा, सुलभा, सुषमा या चार जावा एका घरात ठेवू नका. लेखकाच्या डोक्यात चार चेहरे असतात, वाचकाकडे फक्त ‘सु’ असतो. आमच्या एका आजींनी अशा पुस्तकाच्या पहिल्या कोऱ्या पानावर वंशावळ काढून ठेवली होती, पुढच्या वाचकांच्या सोयीसाठी. नियमाप्रमाणे मी दंड करायला हवा होता. केला नाही.

सुरुवात. नवोदितांची निम्मी हस्तलिखितं पहाटेच्या वर्णनाने सुरू होतात (हो, वाचनालयात बसतो म्हणून हस्तलिखितंही हातात दिली जातात, नाही म्हणता येत नाही). पूर्व दिशा उजळते, पाखरं किलबिलतात, नायक कूस बदलतो. मग चहा. मग आठवणी. गोष्ट सुरू होते सोळाव्या पानावर. छापखान्याच्या हिशेबात हा जवळजवळ अख्खा एक फॉर्मा (एकत्र छापली जाणारी सोळा पानं) झाला. मी सांगतो, पहिलं प्रकरण काढून ठेवा आणि दुसऱ्यापासून वाचून बघा. दहातल्या सात वेळा काहीच अडत नाही, हा माझा अंदाज आहे, नियम नव्हे. पहिलं प्रकरण लेखकाने स्वतःला गोष्ट सांगण्यासाठी लिहिलेलं असतं.

पहिल्या प्रकरणाच्याही आधी आणखी एक मोठा दगड असतो: मान्यवरांची प्रस्तावना, लेखकाचं मनोगत, ऋणनिर्देश, दोन शुभेच्छापत्रं. मनोगतात लेखक सांगतो की ही कादंबरी कशी सुचली, किती रात्री जागून लिहिली, सौभाग्यवतींनी किती साथ दिली. देवघेवीच्या टेबलाशी उभा राहिलेला माणूस काय करतो ते सांगतो. मलपृष्ठ वाचतो, मग पुस्तक मध्येच कुठेतरी उघडून अर्धं पान वाचतो, मग किती जाड आहे ते बघतो. मनोगत वाचताना मी कोणाला पाहिलेलं नाही, फक्त मनोगतात ज्यांचं नाव आहे त्यांना. आणि मलपृष्ठावर शेवट फोडू नका. एका रहस्यकथेच्या मलपृष्ठावर प्रकाशकाने ‘पोटच्या मुलानेच केलेल्या विश्वासघाताची कहाणी’ असं छापलं होतं. त्यातल्या फौजदाराला हे कळायला २१२ पानं लागतात.

भाषेच्या सवयी. पहिली, टिंबांची. ‘तो आला... थांबला... तिच्याकडे पाहिलं... आणि...’ या तीन टिंबांत लेखकाला खोल भावना दिसते, वाचकाला अर्धवट वाक्य. उद्गारचिन्हांचंही तेच. दुसरी, सरकारी परिपत्रकाची. ‘त्याच्याद्वारे दार उघडण्यात आले’ असं गोष्टीत कोणी लिहू नये, पण लिहितात, विशेषतः नोकरीत टिपण्या लिहून हात घडलेले. तिसरी, इंग्रजीतून चालत आलेल्या वाक्यांची. ‘ती एक अतिशय सुंदर अशी मुलगी होती जिचे डोळे निळे होते.’ आपली आजी हे कसं सांगेल? ‘पोर देखणी, डोळे निळे.’ झालं. चौथी सवय माझ्या विशेष नावडीची आहे. पात्र नुसतं ‘म्हणत’ नाही, ते उद्गारतं, पुटपुटतं, गरजतं, कुजबुजतं, विशद करतं. ‘म्हणाला’ हा शब्द कितीही वेळा आला तरी डोळ्यांना दिसत नाही, ‘विशद केलं’ लगेच दिसतं.

ऱ्हस्व-दीर्घाबद्दल नवे लेखक फार धास्तावलेले असतात. साहित्य महामंडळाचे १९६२चे नियम जवळ ठेवा, पण सामान्य वाचक ‘परीक्षा’ची वेलांटी चुकली म्हणून पुस्तक सोडत नाही. त्याला हैराण करतात त्या संगणकातल्या चुका. श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये नेताना रफार शेजारच्या अक्षरावर जाऊन बसतो, जोडाक्षरं फुटतात, आणि चांगलं वाक्य भुताने झपाटल्यासारखं दिसतं. शेवटचं प्रूफ कागदावर, स्वतः, शेवटच्या पानापासून पहिल्याकडे वाचा. असं उलट वाचलं की गोष्ट ओढून नेत नाही आणि डोळा अक्षरावर राहतो. ही युक्ती मला एका म्हाताऱ्या मुद्रितशोधकाने सांगितली होती.

आता जरा नाजूक. तुम्ही वाचकाच्या आधी रडू नका. आई मेल्यावर मुलगा ‘उर फुटून, काळीज पिळवटून, हंबरडा फोडून’ रडला असं लिहिलंत की वाचकाला करायला काही उरत नाही. तोच मुलगा दवाखान्यातून घरी येऊन आईने भिजत घातलेली मटकी चाळणीत उपसून ठेवतो, एवढंच लिहा. असंच भाषणांचं. काही कादंबऱ्यांत शेतकरी, डॉक्टर, वेश्या आणि शाळकरी पोरगा, सगळे लेखकाचीच मतं त्याच्याच शब्दांत मांडतात. तुमची मतं चांगली असतील, पण तुम्हाला न पटणाऱ्या पात्रालाही एकदा जिंकू द्या. वाचकाला तेव्हा पहिल्यांदा वाटतं की पुढे काय होईल ते आपल्याला माहीत नाही.

पुस्तक छापून आल्यावरच्या सवयी वाचकाला जास्त छळतात, आणि त्यांबद्दल कोणी बोलत नाही. सही करून पुस्तक भेट देणं छान. आठव्या दिवशी फोन करून ‘वाचलंत का?’ विचारणं म्हणजे वसुली. आमच्या गावातले एक लेखक वाचनालयात येऊन स्वतःच्या पुस्तकाची तारीखपट्टी बघत, कितीजणांनी नेलं ते मोजत आणि न नेणाऱ्यांची नावं मला विचारत! मी खोटं बोलायचो. लोक रस्ता बदलायला लागले. कोणी चार ओळींत टीका केली तर तिला चाळीस ओळींचं उत्तर देऊ नका, तुमच्या रागावरून टीका बरोबर असावी असा समज होतो.

उलट एक आठवण. जिल्ह्याबाहेरचे एक लेखक, नाव सांगत नाही, त्यांना ते आवडणार नाही. एका दुपारी आले, ओळख न देता स्वतःच्या कादंबरीची आमच्याकडची प्रत मागितली आणि वाचनकक्षात बसून तिच्या समासातल्या पेन्सिलीच्या नोंदी वहीत उतरवून घेतल्या. बैलाच्या दातांवरून वय ओळखण्याबद्दल एकाने लिहिलं होतं, एकीने डोहाळजेवणाचा महिना दुरुस्त केला होता. दीड वर्षाने दुसऱ्या आवृत्तीची प्रत टपालाने आली. दोन्ही दुरुस्त्या केलेल्या होत्या. ज्या बाईंनी महिना सुधारला होता त्यांना मी ते पान दाखवलं. त्यांनी त्यानंतर त्या लेखकाचं एकही पुस्तक सोडलं नाही, आणि पेन्सिल घेऊनच वाचतात.

तुमच्या ३४० पानांचं काय करायचं? आधी महिनाभर कपाटात ठेवा. मग मोठ्याने वाचा, सगळं, भिंतीला का होईना. जिथे जीभ अडखळेल तिथे खूण करा, जिथे स्वतःलाच पान उलटावंसं वाटेल तिथे दोन खुणा. त्यानंतर पहिल्या पन्नास पानांच्या तीन प्रती काढून मला पाठवा. आमच्याकडे ते महसूलवाले कारकून आहेत, पेन्सिलवाल्या बाई आहेत आणि रात्रपाळीला येता-जाता एसटीत वाचणारा एक वॉचमन आहे. तिघांना देतो. लेखक कोण ते सांगणार नाही, आणि तुम्हीही महिनाभर फोन करू नका. कागद परत आले की वॉचमनचं तिकीट कुठल्या पानात राहिलं तेवढं कळवतो.